एका माणसाला दोनदा नाही

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, नाहीतर मला घास गिळवणार नाही. डबा शेजारी उघडा पडलाय, भाकरी वाळतेय, पण राहू दे. कंपनीत मराठीचा टाइपरायटर नवीन आलाय आणि साहेब घरी जेवायला गेलेत, तेवढ्यात बडवून घेतो. वेलांट्या इकडच्या तिकडं झाल्या तर सांभाळून घ्या. हात थांबत नाहीये माझा.

झालं काय, आमचे कॅशियर काका पान लावता लावता म्हणाले, "व्हॉलीबॉल शिकवायला मास्तर कशाला लागतो? जाळी बांधा, बॉल द्या, पोरं आपोआप उडवतात." आणि सगळे हसले! मीही हसलो आधी. मग मला आमचे सर आठवले आणि माझं हसू तोंडातच राहिलं. काकांना म्हटलं, थांबा, तुम्हाला लिहूनच देतो. आता काका गेले झोपायला, म्हणून तुम्ही वाचा.

आमचे सर म्हणजे नंदुरबारच्या हायस्कुलातले ड्रिल मास्तर. बुटके. इतके बुटके की ड्रिलच्या तासाला पुढच्या रांगेतल्या मुलांमागून हाक आली तर सर कुठंयत ते शोधावं लागायचं. खाकी हाफपँट, तीही लोट्यात निखारे भरून कडक इस्त्री केलेली. बसले तरी तिची घडी मोडायची नाही, कारण सर बसायचेच नाहीत. गळ्यात शिट्टी. ती शिट्टी मी कधी ऐकली नाही! सर टाळी वाजवायचे. एकदा विचारलं, "सर, शिट्टी का नाही वाजवत?" तर म्हणाले, "शिट्टी कुत्र्याले वाजाडतस. तुम्ही काय कुत्रा शेतस का?" मग गळ्यात कशाला बांधली? "हेडमास्तरांनी दिलीय. वापरली तर झिजेल."

सर नवापूरकडच्या डोंगरातले. कोकणी जमातीचे, म्हणजे समुद्राकडचे नव्हेत, तिथले डोंगरातले आदिवासी; ख्रिस्ती घरातले. घरी भाताची शेती. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकले, तिथल्या पाद्रीसाहेबांनी पोरांना हा खेळ लावला होता. वर्गात सर पुस्तकी मराठी बोलायचे, एकदम ताठ. मैदानात पाय पडला की अहिराणी. आणि फारच राग आला की कोकणी. ती आमच्यात फक्त रतनला कळायची, कारण तोही तिकडचाच. सर कोकणीत काहीतरी म्हणाले की रतनचे कान लाल व्हायचे. आम्ही मागं लागायचो, "काय म्हणाले रे? सांग ना!" तो मान खाली घालून म्हणायचा, "तुमच्या आयांबद्दल नाही म्हणाले, एवढं पुरे."

रतन आमचा कॅप्टन. उंच, काळा, हात असे की कपडे धुवायचं धोपाटणं. त्यानं जाळीवरून बॉल मारला की समोरची पोरं बाजूला व्हायची, अडवायची नाहीत.

जाळीचंच सांगतो. बाजारात व्हॉलीबॉलची जाळी कुठली मिळायला? लढाई चालू होती, रॉकेलसुद्धा मिळत नव्हतं. सर सायकल मारत सारंगखेड्याला गेले आणि तिथल्या एका भोयाकडून तापीतले मासे धरायची जुनी जाळी घेऊन आले. ताणून बांधली. छान बसली. पण वास! आम्ही खेळायला लागलो की गावातल्या मांजरी यायच्या आणि जाळीखाली रांगेनं बसायच्या, वर बघत. सर त्यांना हाकलायचे नाहीत. म्हणायचे, "येऊ दे. खेळ पाहायला बाकी कोण येतं आपल्याकडं?" त्यामुळं आम्हाला एक वाईट सवय लागली. जाळीजवळ उडी मारली की खाली उतरताना पाय फाकवून उतरायचं, मांजर चेंगरू नये म्हणून. पुढं धुळ्याला सामन्याला गेलो तेव्हा लोक विचारत होते, ही पोरं अशी बेडकासारखी का उतरतात?

आणि बॉल. ब्लॅडर फुटलं की नवीन नाही, रबर सगळं लढाईवर. सायकलच्या पंक्चरवाल्याकडं इतक्या वेळा चिकटवून आणलेला की बॉल एका बाजूला जड झाला होता, उडाला की हवेतच मान वळवायचा.

हां, मैदान! मैदानाचं राहिलंच. शाळेचं मैदान क्रिकेटवाल्यांकडं होतं. सरांना सांगितलं, तुमची सोय तुम्ही करा. सर गेले एका मारवाडी शेठकडं. शेठचा मिरचीचा व्यापार. गावाबाहेर त्यांची पथारी होती, म्हणजे मिरची वाळत घालायची जागा. थंडीत तिकडं गेलात तर जमीन दिसत नाही, नजर पोचेल तिथवर लाल. त्या पथारीच्या कडेला एक पट्टी मोकळी होती. शेठ आधी तयारच होईनात. "मास्तरसाब, म्हारी मिरची है, मैदान कोनी!" म्हणजे मैदान नाही. सर म्हणाले, "शेठ, बॉल तुमच्या मिरचीत पडला तर पोरगा आत जाऊन घेऊन येईल. एक मिरची चेंगरली तर मला सांगा." शेठ म्हणाले, "और म्हारी मिरची सूं थारे छोरे की आंख बळी तो?" सर म्हणाले, "मग तो बॉल पडू देणार नाही."

बस. हीच आमची शाळा! बाकीच्या गावात बॉल पडला तर काय होतं? पॉइंट जातो. आमच्याकडं बॉल पडला की तो दोन उड्या घेऊन थेट मिरचीत. ज्याच्यामुळं पडला त्यानं आणायचा. पायाच्या बोटांवर चालत, मिरच्या न तुडवता. बॉल उचलायचा, हाताला खकाणा लागायचा, आणि नेमकं तेव्हाच घाम डोळ्यात जायचा आणि माणूस हात लावून मोकळा! मग नाचायचं. शिंका. सगळी टीम शिंकायची, मांजरीसुद्धा शिंकायच्या. सर लांबून ओरडायचे, "काब्र रे, तुन्हा हातले मेंदी लावेल शे का? खाले हात घाल ना!" काब्र म्हणजे का. महिनाभरात आमची अशी गत झाली की बॉल जमिनीपासून वीतभर वर असला तरी कुणीतरी आडवा पडून उडवायचाच. मार नाही जमला तरी चालेल. पण पडू द्यायचा नाही.

आता मी टीममध्ये कसा आलो. मी म्हणजे बारीक, जाड चष्मा, दोरीनं मागं बांधलेला. पहिल्या दिवशी माझ्याकडं आलेला एकही बॉल मी उडवला नाही. प्रत्येक वेळी मिरचीत गेलो. डोळे असे सुजले की घरी आईला वाटलं मला कुणी मारलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. मगन नावाचा एक होता, कापडवाल्याचा मुलगा, चपळ, देखणा खेळायचा. तो म्हणाला, "सर, याला कशाला ठेवता? हा बॉल आणायला नोकर ठेवल्यासारखा आहे." सर म्हणाले, "हा परत येतो. मारणारे पुष्कळ मिळतील भो. परत येणारा पोऱ्या कोठे भेटस?" आणि मला आत घेतलं. मगन बाहेर, राखीव! मगन महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

आणि आता तो नियम. याच्यासाठीच खरं तर सगळं लिहितोय.

सरांचा नियम असा: समोरच्या एका माणसावर एकदा मारलात ना, मग लगेच पुढचा मार त्याच माणसावर नाही. दुसऱ्याकडं मारायचा. लागोपाठ दोनदा एकावरच मारला तर तो आपला गुन्हा, बॉल मुकाट्यानं समोरच्यांच्या हातात द्यायचा. सरावात कुणी चुकला की सर टाळी वाजवायचे, "ए! त्याले एकडाव मारा ना? आते दुसरा घर जाय!" म्हणजे त्याला एकदा मारला ना, आता दुसऱ्या घरी जा. आणि आम्ही बॉल देऊन टाकायचो. आम्हाला वाटायचं, असाच खेळ असतो. जाळी असते, सर्व्हिस असते, तसं हेही असतं. आम्ही दुसरी टीम पाहिलीच कुठं होती?

म्हणूनच तर मी टिकलो! माझ्यावर एकदा बॉल यायचा, मी गडबडायचो, मग पुढचा दुसऱ्यावर जायचा, तेवढ्यात मी श्वास घ्यायचो, चष्मा सारखा करायचो. मग पुन्हा माझ्याकडं आला की उडवायचो. त्या मधल्या श्वासात मी हळूहळू खेळाडू झालो. तेव्हा मला हे कळत नव्हतं. आज टाइप करता करता कळतंय.

मग नवीन हेडमास्तर आले. पुण्याकडचे, सडसडीत, घड्याळ खिशात. माणूस वाईट नव्हता हं. पण त्यांना सगळं वेळेत आणि उपयोगाचं पाहिजे. एक दिवस ते पथारीवर आले, रुमाल नाकाला. आम्ही आडवे पडत होतो, शिंकत होतो, मांजरी बघत होत्या. म्हणाले, "मास्तर, हा खेळ आहे की मसाल्याचा कारखाना?"

सर म्हणाले, "खेळ आहे साहेब."

"कुणाशी खेळता?"

सर बॉलची माती पुसायला लागले. कारण आम्ही कुणाशीच खेळलो नव्हतो.

हेडमास्तर म्हणाले, "हे पाहा, तुमची नेमणूक तात्पुरती आहे. ड्रिल तर कुणीही घेतं. व्हॉलीबॉलसाठी म्हणून तुम्हाला ठेवायचं तर संस्थेला काहीतरी दाखवावं लागेल. धुळ्याला शाळांचे सामने आहेत. तिथं जिंका. मी स्वतः येतो बघायला. नाहीतर मार्चनंतर मला काही करता येणार नाही."

म्हणजे सरळ होतं. जिंकलो तर सर राहणार. हरलो तर सर जाणार. हे सगळ्या टीमसमोर बोलले ते! सर फक्त "बरं" म्हणाले आणि खाली वाकून एका मांजरीला जाळीपासून बाजूला केलं.

धुळ्याला गेलो ती मोटार कोळशावर चालणारी. पेट्रोल नव्हतं ना, मागं भट्टी लावलेली. चढ आला की क्लीनर म्हणायचा, "उतरा, उतरा," आणि आम्ही ढकलायचो. हेडमास्तरसुद्धा उतरले, पण त्यांनी ढकललं नाही, घड्याळ बघितलं. सरांनी ढकललं. वाटेत मगन मला म्हणाला, पहिल्यांदाच इतकं सरळ बोलला, "आज सरांच्या नोकरीचा प्रश्न आहे. तुला नाही जमलं तर स्वतःहून बाहेर ये. मी काय वाईट म्हणून नाही सांगत." मी म्हटलं, येईन. आणि खरंच येणार होतो मी.

धुळ्याचं मैदान झाडून, पाणी मारून तयार. चुन्याच्या रेषा. जाळीला माशाचा वास नाही. बॉल गोल, एकदम गोल, त्याची मला भीतीच वाटली. आणि लोक! कडेनं सगळं गाव उभं. सामना धुळ्याच्याच शाळेशी, तीन डावांचा, दोन जिंकेल तो जिंकला.

पहिला बॉल त्यांनी मारला, माझ्यावर. पडला. मला वाटलं, ठीक, आता दुसऱ्याकडं जाईल. मी चष्मा सारखा करायला हात वर नेला आणि दुसरा बॉल थेट माझ्या छातीवर! मी रतनकडं बघितलं. रतन पंचाकडं बघत होता, की आता हे बॉल आपल्याला देतील. कुणी देईना. तिसरा माझ्यावर. चौथा माझ्यावर. त्यांचा कॅप्टन मागं वळून सांगत होता, मला ऐकू येत होतं, "चष्मेवाला! चष्मेवाल्याला द्या!"

आणि मग आमच्याकडून ते झालं. सर्व्हिस आमच्याकडं आली, रतननं एक मारला, त्यांच्या मागच्या पोराच्या हातून सुटला. पुढचा पुन्हा रतननं मारला आणि चुकून त्याच पोरावर गेला. तोही सुटला. पॉइंट आमचा! टाळ्या! आणि रतननं काय करावं? सवयीनं बॉल उचलला, जाळीखालून त्यांच्या कॅप्टनच्या हातात दिला आणि मान लववून मागं आला.

पंच उंच स्टुलावर बसले होते, ते वाकून म्हणाले, "हे काय? पॉइंट तुमचा आहे."

रतन म्हणाला, "एकाच माणसाला दोनदा गेला ना साहेब."

"मग?"

"मग गुन्हा."

पंच हसले, मग सगळे हसले. कडेचा एक माणूस ओरडला, "अरे यास्ले घर पोचाडी द्या रे, बठा साधूसंत शेतस!" पंचांनी सरांना बोलावलं. "मास्तर, असा नियम कुठे आहे?"

सर आले. लोकांमध्ये उभे, पंच स्टुलावर, त्यामुळं सर आणखीच बुटके दिसत होते. ताठ मराठीत म्हणाले, "कुठे नाही."

रतननं विचारलं, "सर, पुस्तकात नाहीये हे?"

"नाही."

"मग?"

"मन्हा शे. माझा आहे."

आमच्याकडं बघून सर हळू म्हणाले, "आज त्यांच्या अंगणात आलोय. त्यांच्या नियमानं खेळा. दोनदा मारा, दहादा मारा. माझं काही म्हणणं नाही." आणि कडेला जाऊन उभे राहिले. हेडमास्तरांकडं त्यांनी बघितलंही नाही.

पहिला डाव गेला. माझ्यामुळं. सरळ सांगतो, एकट्या माझ्यामुळं. दुसऱ्यातही तेच सुरू झालं. माझे हात कोपरापर्यंत सुजले. बाहेर मगन शर्ट काढून, दंड चोळत तयार. आमच्या गावची आलेली माणसं ओरडायला लागली, "मास्तर, बदला त्याले! काढा चष्मेवाल्याले!" हेडमास्तर उठून सरांजवळ आले, मी जवळच होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला. "मास्तर, दुसरा मुलगा चांगला आहे ना? मग वाट कसली बघताय? तुमचंच नुकसान आहे यात."

सरांनी टाळी वाजवली. थांबा. आम्ही जमलो. मी स्वतःच म्हटलं, "सर, मी जातो बाहेर. मगनला घ्या." माझं नाक गळत होतं.

सर म्हणाले, "तू जाशील. मग ते दुसरा कोणतरी शोधतील. मग त्याला पण बाहेर काढू का?" मग सगळ्यांकडं वळून, "मला सांगा रे, पुढचा बॉल कुठं येणार?"

मगनच म्हणाला, "याच्यावर. अजून कुठं?"

"हां! याच्यावर." सरांचे डोळे असे चमकले, मी विसरणार नाही. "देख भो. इतलं मोठं मैदान. ते मारणार, आणि कुठं मारणार हे त्यांनी आपल्याला आधीच सांगून टाकलंय! असं सुख कोणाला मिळतं? बठा याना जोडे ऱ्हावा, सगळे याच्या शेजारी. बाकीचं मैदान उघडं पडू द्या." मग माझा चष्मा काढला, स्वतःच्या शर्टानं पुसला, परत घातला, दोरी आवळली. आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मिशनच्या बोर्डिंगात मी तुझ्या जागी उभा राहायचो. सगळ्यात बुटका मी. रोज सगळे बॉल माझ्यावर. एकदा तर मी चर्चच्या घंटेमागं जाऊन लपलो. मला कुणी सांगितलं नाही रे, की बॉल कुठं येणार हे मलाच माहीत आहे. तू फक्त वर उडव. मिरचीत नाही जाऊ द्यायचा."

मी आत गेलो.

बॉल आला. माझ्यावरच! पण आता माझ्या उजव्या हाताला एक, डाव्या हाताला एक, मागं एक. मी खाली हात घातला, उडवला, वेडावाकडा गेला, शेजारच्यानं सावरला, उंच दिला, आणि रतन! धाड! पुन्हा माझ्यावर. पुन्हा उडवला. माझ्या हातून निसटला तर मागचा आडवा पडून उडवायचा. अहो, आम्ही वर्षभर दुसरं केलंय काय? त्यांना कळेचना की हे चष्मेवाल्यावर मारलेलं परत कसं येतंय. पण त्यांचा कॅप्टन हट्टी! माझ्यावरच मारत राहिला. लोकसुद्धा उलटले, तोच मघाचा माणूस ओरडत होता, "मार रे, चष्मेवाल्यालेच मार! तो काय सोडत नई!" मगन बाहेरून नाव घेऊन घेऊन सांगत होता, "डावीकडं! खाली! आला, आला!" त्याचा शर्ट अजून खांद्यावर होता.

दुसरा डाव आमचा. मी जमिनीला हात लावून पाया पडलो, कुणाच्या ते माहीत नाही.

तिसऱ्यात बरोबरीनं चाललं. शेवटाला आलं तेव्हा आम्हाला एक पॉइंट हवा होता, त्यांनाही एकच. सर्व्हिस आमच्याकडं. आदल्याच बॉलला रतननं त्यांच्या मागच्या कोपऱ्यातल्या पोरावर मारला होता आणि त्याला तो लागला होता तोंडावर. बारीक पोरगं, माझ्यासारखंच. ओठ फुटला होता. त्यांचा कॅप्टन त्याच्यावर खेकसत होता, "हात नाहीत का तुला?" आणि ते पोरगं तिथंच उभं, डोळे पुसत.

सर्व्हिस गेली. त्यांनी परत मारला, कुणावर हे सांगायला नकोच. मी उडवला. चांगला उडाला, त्या दिवसातला सगळ्यात चांगला. शेजारच्यानं जाळीजवळ उंच दिला. रतन वर गेला. मला खालून सगळं दिसत होतं. ते पोरगं अजून एका हातानं डोळे पुसत होतं. त्याच्या बाजूनं हळूच टाकला असता तरी संपलं असतं. मगन ओरडला, "कोपऱ्यात! रतन, कोपऱ्यात!"

रतननं हवेतच मान वळवली आणि दुसऱ्या कोपऱ्यात मारला. धाडकन. चुन्याच्या रेषेच्या वीतभर बाहेर.

पॉइंट सर्व्हिस असेल त्यालाच मिळतो, म्हणून अजून संपलं नव्हतं, नुसती सर्व्हिस त्यांच्याकडं गेली. पुढचा बॉल त्यांच्या कॅप्टनचा, तो जाळीच्या काठाला लागला आणि आमच्या बाजूला अलगद पडला. संपलं.

आणि टाळ्या वाजत होत्या. पण धुळेवाले वाजवत नव्हते अजून, त्यांना कळायचं होतं. आमचे सर वाजवत होते! एकटे. जोरजोरात, थांबतच नव्हते. लोकांना वाटलं मास्तरांना पॉइंट कळला नाही. रतन मान खाली घालून आला. सर त्याला कोकणीत काहीतरी म्हणाले. आणि रतन, एवढा धिप्पाड रतन, सरांच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. त्यासाठी त्याला किती वाकावं लागलं! काय म्हणाले ते त्यानं आम्हाला आजपर्यंत सांगितलेलं नाही. पण या वेळी कान लाल झाले नव्हते.

परतीच्या मोटारीत मगननं विचारलंच. "काब्र नई मारा रे कोपरामा? सरांची नोकरी गेली ना!"

रतन म्हणाला, "मन्हा हातच नई गया भो."

मगन चिडला नाही. म्हणाला, "माझा गेला असता. बरं झालं मी बाहेर होतो."

हेडमास्तर पुढच्या बाकावर होते. दोंडाईचाच्या अलीकडं मोटार पुन्हा अडली. या वेळी हेडमास्तरांनी कोट काढला, बाही वर केली आणि ढकललं. सरांच्या शेजारी. ढकलता ढकलता म्हणाले, "मास्तर, जिंकत होतात तुम्ही."

"होतो," सर म्हणाले.

"संस्थेला मी काय सांगू?"

"हरलो म्हणून सांगा. खरं ते सांगा."

त्यांनी तेच सांगितलं. प्रयत्न केला म्हणे थोडा, पण मार्चमध्ये सरांची नेमणूक संपली. सर सामान घेऊन नवापूरकडं गेले, भाताच्या शेतीवर. आम्ही स्टेशनवर गेलो होतो. मला वाटलं सर काहीतरी मोठं बोलतील. सर म्हणाले, "जाळी उन्हात ठेवू नका, कुजेल." गाडी गेली.

पुढच्या रविवारी आम्ही पथारीवर बसलो होतो, काय करायचं कळत नव्हतं म्हणून. शेठ आले, म्हणाले, "बैठे क्यों हो? जगह तो थारी ही है." आणि तेवढ्यात टाळी ऐकू आली. स्टेशनच्या बाजूनं! खाकी हाफपँट, कडक घडी. सकाळची प्रार्थना आटपून दुपारच्या गाडीनं आले होते. पगार नाही, नेमणूक नाही, काही नाही. "काय रे, आज काय सुटी शे का?" मग दर रविवारी यायचे. भात लावणीचे दिवस सोडले तर एकही चुकवला नाही. मी शाळा सोडून इकडं सुरतेला नोकरीला आलो तरी अजून येतात. मगन आता त्यांच्या हाताखाली नवीन पोरांना शिकवतो, आणि परवा गावी गेलो तर स्वतःच्या कानानं ऐकलं, मगन एका पोराला दटावत होता, "ए! त्याले एकडाव मारा ना?"

साहेबांच्या टांग्याचा आवाज येतोय, आता थांबायला पाहिजे. पण एक विचारतो, खरं सांगा हं. तुमच्यावर कधी असे सगळे बॉल आलेत का, एकामागून एक, आणि बाहेर तुमच्यापेक्षा चांगला माणूस दंड चोळत उभा, आणि सगळे ओरडतायत की काढा याला? आणि तरी कुणीतरी, स्वतःचं नुकसान होत असताना, नुसता तुमचा चष्मा पुसून तुम्हाला परत आत पाठवलंय का? झालंय असं? कोण होतं ते?